नेणाऱ्यानं निवडू नये : टपालापासून इंटरनेटपर्यंत



आजच्या व्याख्यानाचा विषय 'नेट न्यूट्रॅलिटी आणि लोकांची माध्यमं' असा जाहीर झाला आहे. नाव ऐकून काहींना वाटलं असेल, की हा कॉम्प्युटरवाल्यांचा विषय. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसांनी यात कशाला पडावं? पण या इंग्रजी नावाच्या आत एक फार जुना प्रश्न दडलेला आहे आणि तो आमच्या विषयातलाच आहे. प्रश्न असा : दुसऱ्याचा निरोप पोचवण्याचं काम ज्यानं पत्करलं, त्याला त्या निरोपांत डावं-उजवं करण्याचा अधिकार असतो का?

हा प्रश्न इंटरनेटच्या आधी तारेला विचारला गेला आणि तारेच्या आधी टपालाला. म्हणून आज आपण इतिहासाच्या वाटेनंच जाऊ. सुरुवात मुंबईतून करू.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानं 'मूकनायक' हे पाक्षिक निघालं. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आर्थिक मदत केली होती. या नव्या पत्राची जाहिरात पैसे घेऊन छापावी, अशी विनंती 'केसरी'ला करण्यात आली. 'केसरी'नं ती छापली नाही. बाबासाहेबांनी पुढे हे लिहून ठेवलं आहे.

आता इथे जरा थांबू. 'केसरी'चा तो निर्णय आज आपल्याला खुपतो आणि खुपायलाच हवा. पण आपल्या पत्रात काय छापायचं आणि काय नाही, हे ठरवणं हा संपादकाचा अधिकार आहे, हे आपण मान्य करतो. तो अधिकार काढून घेतला तर संपादक नावाची गोष्टच उरत नाही. मग प्रश्न येतो की 'मूकनायक' तगला कशाच्या बळावर? लिहिणाऱ्यांच्या आणि वर्गणीदारांच्या बळावर, हे तर उघडच आहे. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. १८९८ च्या टपाल कायद्यानुसार नोंदणी झालेल्या वृत्तपत्राला सवलतीच्या दरात टपालानं जाता येत असे. नोंदणीसाठी बघितलं काय जायचं? त्यात मुख्यतः बातम्या आणि चालू विषयांवरचा मजकूर आहे ना, ते ठरावीक काळानं, फार तर ३१ दिवसांच्या अंतरानं निघतं ना आणि त्याला खरेखुरे वर्गणीदार आहेत ना. अंकाचा दर वजनावर ठरायचा. तो कोणत्या जातीच्या माणसानं काढला आहे, तो 'केसरी'च्या बाजूचा आहे की विरोधातला, हे विचारण्याची सोय त्या दरपत्रकात नव्हती.

हे कायद्यातलं झालं. तो अंक गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत प्रत्यक्षात कसा पोचायचा, हा निराळा आणि कडवट विषय आहे. त्याकडे शेवटी येऊ. पण आजच्या व्याख्यानाचा गाभा इथेच आहे. संपादक निवडतो, ते त्याचं कामच आहे. वाहकानं निवडायचं नसतं. आणि जेव्हा जेव्हा वाहक निवडायला लागतो, तेव्हा पहिला बळी जातो तो नव्यानं बोलू पाहणाऱ्याचा. मोठा माणूस वाहकाशी बोलणी करू शकतो, जमलं तर वाहकच विकत घेऊ शकतो. लहान माणसाच्या हातात तेवढं बळ नसतं.

'सर्वांसाठी, भेदभावाविना'

ही कल्पना कोणा आदर्शवादी माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही. ती व्यापारातून आली. इंग्लंडमध्ये जुन्या काळी नावाडी, सराईवाला, मालाची ने-आण करणारा गाडीवान यांच्यावर एक बंधन होतं : दर देणाऱ्या कोणालाही तुम्ही नाही म्हणायचं नाही. कारण उघड होतं. नदीवर नाव एकच. नावाड्यानं आपल्या मेहुण्याचंच धान्य पलीकडे न्यायचं ठरवलं तर बाकीच्या शेतकऱ्यांचा बाजार बुडाला.

आपल्याकडे १८६५ साली मालवाहतुकीचा कायदा झाला. त्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक वाहक कोण, तर भाडं घेऊन सर्व लोकांसाठी भेदभावाविना माल वाहून नेण्याचा धंदा करणारा. हे 'भेदभावाविना' त्या व्याख्येच्या पोटातच आहे. म्हणजे समदृष्टी हा वाहकाचा अंगचा सद्गुण नसून तो त्याच्या व्याख्येचा भाग आहे. तर्कशास्त्र शिकवताना आपण म्हणतो ना, की त्रिकोणाला तीन बाजू असणं हा काही त्रिकोणाचा चांगुलपणा नाही, तसंच हे.

टपालात याच विचाराला आणखी धार आली. १८५४ साली हिंदुस्थानात अर्ध्या आण्याचा एकसारखा दर आला. पत्र शेजारच्या तालुक्याला जावो की कलकत्त्याला, हलक्या पत्राला दर तोच. अमेरिकेनं तर १७९२ च्या टपाल कायद्यातच वर्तमानपत्रांना जवळजवळ नाममात्र दर दिला : शंभर मैलांपर्यंत एक सेंट, त्यापुढे दीड सेंट. साध्या पत्राला मात्र अंतराप्रमाणे सहा ते पंचवीस सेंट पडत. शिवाय संपादकांनी एकमेकांना अंक पाठवायचे, ते फुकट. आडगावातल्या छापखान्यातून निघणारी लहानलहान पत्रं तिथे इतक्या संख्येनं उभी राहिली, त्यामागे हा टपालदर होता.

मग तार आली, आणि अडचण सुरू झाली. तार वेगवान पण महाग, आणि अमेरिकेत ती खासगी कंपन्यांच्या हातात. बघता बघता वेस्टर्न युनियन ही एकच कंपनी सर्वांना पुरून उरली, आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेशी तिचं सख्य जमलं. बातमी पुरवणारा आणि बातमी वाहणारा यांनी हात मिळवले, की नव्या पत्रानं जायचं कुठे? हा धोका लोकांना दिसत होता. पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तार नेण्यासाठी १८६० साली तिथे कायदा झाला. त्यात अट घातली होती की कोणाचाही संदेश येवो, तो ज्या क्रमानं आला त्या क्रमानं, पक्षपात न करता पुढे गेला पाहिजे. अपवाद फक्त सरकारी संदेशांचा. हे कलम आज वाचलं, तर ते नेट न्यूट्रॅलिटीच्या नियमाचं पणजोबा शोभेल.

टेलिफोनचीही एक गमतीची गोष्ट सांगतात. कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा व्यवसाय करत. त्यांची गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली. त्यांना संशय आला, की टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडून देणारी बाई त्यांच्यासाठी आलेले फोन त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला जोडून देते. गोष्टीत तिखटमीठ किती, ते सोडा. पण १८९१ साली स्ट्राउजरना स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळालं, ही नोंदलेली गोष्ट आहे. मधल्या माणसानं निवड करू नये म्हणून मधला माणूसच काढून टाकायचा, असा तो उपाय होता.

वाट बंद असते तेव्हा

आता दुसरी बाजू. वाहक सरकारच्या हातात असला म्हणजे तो तटस्थ राहतोच, असं समजण्याचं कारण नाही. ज्या १८९८ च्या कायद्यानं वृत्तपत्रांना सवलत दिली, त्याच कायद्याच्या २६ व्या कलमानं सार्वजनिक आणीबाणीच्या किंवा सुरक्षिततेच्या नावाखाली टपाल मधेच अडवण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला होता. दरात भेद नाही, पण राजद्रोहाचा वास आला की पाकीट जप्त! 'गदर'सारखी परदेशातून येणारी पत्रं सरकार शोधूनशोधून अडवत असे.

नभोवाणीत तर वाटच एक, आणि तीही सरकारची. तेव्हा ज्याला बोलायचं आहे त्यानं काय करावं? १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ते जागा बदलत राहिले. २७ ऑगस्टला सुरू झालेलं हे केंद्र १२ नोव्हेंबरला पकडलं गेलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. आपण त्यांच्या धैर्याला नमस्कार करतोच. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं एक गोष्ट आणखी लक्षात घ्यावी. वाट बंद असेल तर बोलण्यासाठी अलौकिक धैर्य लागतं. वाट खुली असेल तर साध्या माणसालाही बोलता येतं. लोकशाही अलौकिक माणसांच्या भरवशावर चालत नाही. साध्या माणसाला बोलता यावं अशी व्यवस्था तिला करावी लागते.

स्वातंत्र्यानंतर लहान पत्रांचं काय करायचं, हा प्रश्न सरकारपुढे होताच. पैसेवाली मोठी पत्रं जास्त पानं कमी किमतीत देऊन लहानांना मारतील, अशी भीती होती. म्हणून १९५६ साली किती पानांना किती किंमत लावायची, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा झाला, आणि १९६० साली त्याखाली आदेश निघाला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? आपल्या पुण्याचा 'सकाळ'. सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला. एका पत्राचा खप वाढावा म्हणून दुसऱ्याचा खप कमी करण्याची व्यवस्था सरकारला करता येणार नाही, त्यानं अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला येतो, असा त्या निकालाचा मथितार्थ.

आम्हांला हा निकाल आजच्या विषयासाठी फार मोलाचा वाटतो. लहानांना जगवण्याचे दोन मार्ग दिसतात. एक, मोठ्यांच्या बोलण्यावर मर्यादा घालायची. तो मार्ग न्यायालयानं बंद केला. दुसरा, वाट सर्वांना सारख्या अटींवर खुली ठेवायची. दुसऱ्या मार्गात कोणाचंच तोंड बांधावं लागत नाही. बांधायचा तो फक्त वाहकाचा हात.

ही वाट हवेतही खुली व्हायला १९९५ साल उजाडावं लागलं. क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून खटला उभा राहिला. एका बाजूला केंद्र सरकार, दुसऱ्या बाजूला बंगालची क्रिकेट संघटना. वरवर पाहता भांडण चेंडूफळीचं होतं. पण ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी सांगितलं, की हवेतल्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि मूठभर धनवानांचीही नको. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. तो निकाल फक्त सरकारविरोधी नव्हता, मक्तेदारीच्या दोन्ही रूपांविरुद्ध होता.

त्यानंतर खासगी वाहिन्या झपाट्यानं आल्या. लोकांच्या रेडिओला मात्र वेळ लागला. आधी शिक्षणसंस्थांना, आणि २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळू लागली. २००८ साली मेदक जिल्ह्यात, आजच्या तेलंगणात, दलित स्त्रियांनी चालवलेला 'संघम रेडिओ' सुरू झाला. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' उभी राहिली. दुष्काळी मुलखातल्या बायका स्वतःच्या बोलीत शेतीबद्दल, बचतीबद्दल, आजारपणाबद्दल बोलू लागल्या. पण अट काय? शक्ती साधारण शंभर वॅट, म्हणजे आवाज आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत. आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत! आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा ऐकवायच्या, बस्स. वाट दिली, पण तिच्यावर अमुकच ओझं न्यायचं अशी पाटी लावून दिली.

पाकिटावरचा पत्ता

या पार्श्वभूमीवर इंटरनेटकडे पाहा, म्हणजे ते लोकांना एवढं नवलाईचं का वाटलं ते कळेल. सामान्य भारतीयाला ते १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत मिळू लागलं. त्याची रचना टपालासारखी आहे. तुमचा मजकूर लहानलहान पुड्यांत बांधला जातो. त्यांना पॅकेट म्हणतात. वाटेतली यंत्रं पुडीवरचा पत्ता वाचून ती पुढे ढकलतात. आत लग्नाची पत्रिका आहे की सरकारवरची टीका, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यामुळे नवं काही सुरू करायला कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी वेब तयार केलं तेव्हा त्यांना कोणत्याही तार कंपनीच्या दारात अर्ज घेऊन जावं लागलं नाही.

याचा फायदा कोणाला झाला? एक उदाहरण बघू. उत्तर प्रदेशात, बुंदेलखंडातल्या चित्रकूटला २००२ साली 'खबर लहरिया' हे पत्र सुरू झालं. बातमीदार सगळ्या स्त्रिया, बऱ्याचशा दलित, भाषा बुंदेली. गावोगाव फिरून अंक विकायचा, म्हणजे मजल दोन-चार तालुक्यांची. २०१३ साली त्यांची वेबसाइट झाली, पुढे हातात मोबाइल आले, आणि हँडपंप नादुरुस्त आहे ही चित्रकूटच्या खेड्यातली बातमी दिल्लीत आणि पुण्यात दिसू लागली. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनात होता, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. गोंडी बोलणारा, लिहिता न येणारा माणूस साध्या फोनवरून आपली तक्रार सांगतो, ती तपासून इतरांना ऐकवली जाते. ज्या भाषेला मोठ्या वर्तमानपत्रात जागा नव्हती, तिला फोनच्या तारेवर जागा मिळाली.

यांपैकी कोणीही टेलिफोन कंपनीशी करार केला नव्हता. करार करावाच लागला असता, तर यांपैकी एकही गोष्ट घडली नसती.

दोन वर्षांची लढाई

'नेट न्यूट्रॅलिटी' हा शब्द २००३ मध्ये टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकांनी रूढ केला. भारतात तो घरोघरी पोचला २०१५ साली. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलनं जाहीर केलं, की इंटरनेटवरून बोलणाऱ्यांना वेगळे पैसे पडतील. ओरड झाली, निर्णय मागे घेतला गेला. पण २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, याच विषयावर चर्चापत्र काढलं. ११८ पानं, २० प्रश्न, क्लिष्ट इंग्रजी. सामान्य माणसानं त्याला उत्तर देणं कठीणच. तेव्हा काही तरुण स्वयंसेवकांनी 'सेव्ह द इंटरनेट' नावाची मोहीम उघडली, प्रश्न सोपे करून सांगितले, उत्तराचा मसुदा तयार ठेवला. एआयबी या विनोदी कार्यक्रम करणाऱ्या मंडळींनी चित्रफीत काढली. पाहता पाहता दहा लाखांवर ईमेल ट्रायकडे गेले. त्याच एप्रिलमध्ये 'एअरटेल झिरो' ही योजना आली होती : कंपनीनं एअरटेलला पैसे द्यायचे, मग तिचं ॲप ग्राहकाला फुकट. लोकांच्या रेट्यामुळे फ्लिपकार्टनं त्यातून अंग काढून घेतलं.

दुसरं प्रकरण फेसबुकचं. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीनं 'इंटरनेट डॉट ऑर्ग' भारतात आलं. पुढे त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. मोजक्या साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. एप्रिलमध्ये टाइम्स समूहानं 'महाराष्ट्र टाइम्स'सह आपली काही पत्रं आणि साइट त्यातून बाहेर काढत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबरमध्ये ट्रायनं दरांमधल्या भेदभावावर वेगळं चर्चापत्र काढलं, तेव्हा फेसबुकनं वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या, रस्त्यांवर फलक लावले आणि आपल्या वापरकर्त्यांकडून तयार मजकुराचे संदेश ट्रायकडे पाठवले. या वेळी प्रतिसाद आले सुमारे २४ लाख. ट्रायनं फेसबुकला सुनावलं, की त्या संदेशांत आम्ही विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत.

जरा बाजूला जाऊन एक गोष्ट सांगतो. १९२० मध्ये पैसे द्यायची तयारी असूनही एक जाहिरात छापली गेली नाही. २०१५ मध्ये पैसे मोजले आणि हव्या तेवढ्या पानांवर जाहिरात छापली गेली. दोन्ही वेळा दुसऱ्या बाजूच्या लोकांना छापील पानांवर तेवढी जागा मिळाली नाही. त्यांचं म्हणणं पोचलं ते वाहकानं त्यांना अडवलं नाही म्हणून.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायचा नियम आला : मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. मोडला तर दिवसाला पन्नास हजार, कमाल पन्नास लाख रुपये दंड. सावंतांच्या निकालाला दुसऱ्या दिवशी एकवीस वर्षं पूर्ण होत होती. तो योगायोगच, पण विचाराची वंशावळ मात्र खरी. पुढे २०१८ मध्ये सरकारनं मजकूर अडवणं, त्याचा वेग मुद्दाम कमी करणं किंवा एखाद्याला झुकतं माप देणं, यांवर बंदी घालणारी अट परवान्यांमध्येही घातली.

अर्ध्या भाकरीचा प्रश्न

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला अर्थ नसतो, ही आपली जुनी शिस्त आहे. मुद्दा असा : ज्याच्याकडे इंटरनेटच नाही, त्याला थोडं तरी फुकट मिळत होतं. शहरातल्या पोट भरलेल्या लोकांनी तत्त्वाच्या नावाखाली भुकेल्याची अर्धी भाकरी हिसकावून घेतली.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण भाकरीची उपमा तपासून बघू. भाकरी खाल्ली की भूक भागते. भाकरी देणाऱ्याचं तिथे काम संपतं. माहितीचं तसं नाही. ज्याला पहिल्यापासून चार खिडक्यांचंच घर मिळालं, त्याला पाचव्या खिडकीतून काय दिसतं हे कळणार कसं? शिवाय गरीब माणूस फक्त वाचक नसतो, तो सांगणाराही असतो. म्हसवडची बाई, चित्रकूटची बातमीदार, बस्तरचा गोंड शेतकरी यांना ऐकायचं आहे तसं बोलायचंही आहे. त्या मोजक्या साइटींच्या यादीत त्यांची साइट नसेल, तर त्यांचं बोलणं त्यांच्याच शेजाऱ्याला विकत आणि दूरच्या कंपनीचं बोलणं फुकट, अशी उलटी गत झाली असती. गरिबाला स्वस्त इंटरनेट द्यायचं तर अख्ख्या इंटरनेटचा थोडा डेटा फुकट द्या. काय बघायचं ते त्याला ठरवू द्या. हा पर्याय तेव्हाही अनेकांनी सुचवला होता.

इतिहासानंही एक उत्तर दिलं. नियमानंतर सातच महिन्यांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि डेटाचे भाव कोसळले. इंटरनेटचा तुकडा पाडल्याशिवाय ते गरिबाला परवडणार नाही, हे गृहीतक टिकलं नाही. पण लगेच टाळ्या नकोत. त्याच स्पर्धेत डझनभर कंपन्यांच्या जागी आज तीन खासगी आणि एक सरकारी कंपनी उरली आहे. नावाडी कमी झाले, की नियमाची गरज वाढते.

नियम आणि पाणी

अमेरिकेकडे पाहिलं तर हे नियम किती ठिसूळ असतात ते कळतं. तिथे २०१५ मध्ये कडक नियम झाले, २०१७ मध्ये काढून टाकले, एप्रिल २०२४ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं पुन्हा रद्द केले. अगदी तळ्यात-मळ्यात. आपल्याकडेही टेलिकॉम कंपन्या म्हणू लागल्या आहेत, की जास्त वाहतूक करणाऱ्या मोठ्या साइटींनी आम्हांला वाटा द्यावा. आज मागणी मोठ्यांकडे आहे. पण मजकूर पाठवणाऱ्याकडून वाहकानं वेगळे पैसे घ्यायचे, हे तत्त्व एकदा मान्य झालं की ते मोठ्यांपाशीच थांबेल याची हमी कोणी द्यायची?

आणि वाट पूर्णच बंद करण्याचा अधिकार सरकारकडे आहे. १८९८ च्या २६ व्या कलमाचा वारसा इंटरनेटबंदीत दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झालं, तेव्हा 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन न्यायालयात गेल्या, कारण पत्र काढणंच अशक्य झालं होतं. १० जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की इंटरनेटवरून बोलण्याला घटनेचं संरक्षण आहे आणि बेमुदत बंदी चालणार नाही. निकाल चांगला. पण काश्मीरला फोर-जी परत मिळायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. तार कंपनीनं निवडू नये, हे आपण नियमात आणलं. पण आज 'खबर लहरिया'ची चित्रफीत आपल्यापर्यंत येते ती यूट्यूबवरून, गावची बातमी येते ती व्हॉट्सॲपवरून. काय वर दाखवायचं, काय खाली दडपायचं, हे या कंपन्यांची गणितं ठरवतात. त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, आम्ही फक्त वाहक, मजकुराची जबाबदारी आमची नाही. आणि पुढच्याच क्षणी त्या संपादकासारखी निवड करतात. 'केसरी'नं जाहिरात नाकारली, तेव्हा निदान कोणी नाकारली हे तरी माहीत होतं. इथे नाकारणाऱ्याला चेहराच नाही. आपण मघाशी केलेला संपादक आणि वाहक हा भेद इथे धूसर होतो, आणि त्याच धुक्यात लहान माध्यमं हरवतात. याला तयार उत्तर कोणाकडे नाही. आमचं मत एवढंच, की वाहक म्हणून सवलत मागणाऱ्यानं वाहकाची शिस्तही पाळावी. आणि निवड करायचीच असेल, तर ती कशाच्या आधारे केली हे उघड सांगावं.

शेवटी एक तुलना, फार न ताणता. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला. तरीही मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. कागदावर तळं खुलं होतंच. ओंजळ भरायची राहिली होती. आपला नियमही तसाच कागदावर आहे. तो टिकवायला हवा, पण त्याचा उपयोग करणारी माणसं नसतील तर मोकळी वाटही ओसाड पडते. खुल्या वाटेवरून लहान पत्र चाललं पाहिजे, तर त्याला वर्गणी हवी, वाचक हवा, चुकलं तर कान धरणारा आणि संकटात पाठीशी उभा राहणारा माणूस हवा. 'मूकनायक' काय, 'खबर लहरिया' काय, टपालाच्या किंवा तारेच्या समदृष्टीनं त्यांना फक्त दारापर्यंत आणलं. दार उघडून अंक हातात घेणं वाचकाकडे होतं.

ते आजही आपल्याकडेच आहे. तुमच्या तालुक्यातली कोणती लहान पत्रं, कोणते रेडिओ, कोणत्या चित्रफिती आज चालू आहेत, याची घरी जाऊन एक यादी करा. त्यातल्या एकाची तरी वर्गणी भरा. आणि उद्या कोणी 'थोडंसं फुकट' घेऊन दाराशी आलं, तर घ्यायच्या आधी एवढं विचारा, की या यादीतली नावं कोणी निवडली?